पाय गरम झाले का?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



मघाशी माझी ओळख करून देताना 'रुग्णसेवेतलं संशोधन' असा विषय सांगितला गेला, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "अगं, ही तर नर्स आहे ना?" ऐकू आलं बरं का मला. आवाजही ओळखला. बरोबर आहे, मी नर्सच आहे. तीस वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली निम्मी रात्रपाळी. माझ्या नावामागे डॉक्टर नाही आणि पुढे पीएच.डी. नाही. तरीही मी संशोधनावरच बोलणार आहे.

आधी गावाबद्दल एक वाक्य. नोकरीत असताना "गाव कुठलं?" असं विचारलं की मी "अंतरवाली सराटी" म्हणायचे आणि समोरचा गप्प बसायचा. मग "वडीगोद्रीजवळ", तेही कळलं नाही तर "अंबडकडून शहागडला जाताना". सप्टेंबर 2023 नंतर काहीच सांगावं लागत नाही. पण मी आज ज्या गावाबद्दल बोलणार आहे ते त्याच्या खूप आधीचं, आपण आठवीत असतानाचं आहे. साल 1988.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल, त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ गेला. वर्गातल्या मुली घरी येऊन बसल्या होत्या. विंचू चावून गेला एवढंच सगळ्यांना माहीत आहे. तो कसा गेला हे मी आजपर्यंत कुणाला नीट सांगितलेलं नाही. आज सांगते.

संध्याकाळी बैलांना कडबा काढताना त्याच्या हाताला विंचू चावला. विंचू लहान होता, तांबूस. आजी म्हणाली, "इंगळी नाही ना? मग भिऊ नका." काळी, मोठी इंगळी दिसली की आपल्याकडे माणसं घाबरतात, आणि हा बारका लाल विंचू दिसला की जरा निर्धास्त होतात. पुढे शिकले तेव्हा कळलं की हिशेब बरोबर उलटा आहे. ती काळी इंगळी दिसायला भयानक, पण सहसा जिवावर बेतत नाही. जीव घेतो तो हा लाल.

भाऊ खूप ओरडत होता. शेजारच्या गावातला एक जाणता माणूस विंचू उतरवायचा, त्याला बोलावलं. त्याने मंत्र म्हटला, हातावरून पाला फिरवला. तासाभराने भावाचं ओरडणं कमी झालं. तो निपचित पडला. अंग घामाने ओलं झालं होतं. दोनदा उलटी झाली. सगळे म्हणाले, विष बाहेर पडतंय. आईने त्याचे पाय चोळले आणि म्हणाली, "पाय किती गार पडलेत रे याचे." कुणीतरी म्हणालं, उतार पडला की अंग गार होतंच. आम्ही झोपलो.

पहाटे तो खोकायला लागला. बसल्याशिवाय श्वास घेता येईना. तोंडाशी गुलाबी फेस आला. जीप मिळेपर्यंत उजाडलं. दवाखान्यात पोचल्यावर अर्ध्या तासाने तो गेला. तो दवाखाना कुठला ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. दादाने तो केसपेपर जपून ठेवला होता. मी नर्सिंगला असताना तो पहिल्यांदा वाचला. त्यावर दोन ओळी होत्या: विंचूदंश, आणि हृदय बंद पडून मृत्यू. कधी चावला, उलटी कधी झाली, घाम कधी आला, पाय कधी गार पडले, बीपी किती होता, काहीच नव्हतं. एका पोराची अख्खी रात्र दोन ओळींत संपली होती.

आता दुसरी गोष्ट. ती आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाची आहे आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नसेल.

भोकरदन तालुक्यात देहेड नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याच्या घरात 1951 साली हिंमतराव बावस्कर जन्मले. (तेव्हा जालना जिल्हाच नव्हता, तो 1 मे 1981 ला झाला. सामान्यज्ञानाच्या तासाला सरांनी घोकून घेतलेलं अजून लक्षात आहे.) हिंमतराव हलाखीत शिकले, नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले आणि 1976 मध्ये रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू उदंड. चावलेली माणसं, विशेषतः पोरं, केंद्रात यायची आणि मरायची. गंभीर झालेल्या दर तीन-चार रुग्णांत एक जायचा. त्या काळी झोपेची, अ‍ॅलर्जीची, स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली जायची. पुस्तकात विंचवाबद्दल फारसं काही नव्हतं.

मग या डॉक्टरांनी काय केलं? ते रुग्णाच्या खाटेशेजारी बसले. नाडी मोजली, बीपी घेतला, हात लावून पाय पाहिले, छातीला नळी लावली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आणि हे सगळं लिहून ठेवलं. प्रयोगशाळा नव्हती, यंत्रं नव्हती. एक रुग्ण, मग दुसरा, मग पन्नासावा. लिहिता लिहिता त्यात एक क्रम दिसायला लागला. ज्याला नुसती जबर वेदना आहे, जो आकांत करतोय, पण बाकी काही नाही, तो बहुतेक वेळा सुखरूप घरी जातो. ज्याला उलटी होते, दरदरून घाम येतो, लाळ गळते, हातपाय गार पडतात, तो पुढे हृदयावर जातो आणि त्याच्या फुप्फुसात पाणी होतं. 1982 मध्ये 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख छापून आला, तो या आधी दिसणाऱ्या खुणांवरच होता.

मी तो लेख वाचला तेव्हा एका जागी थांबले. आमच्या घरात त्या रात्री ज्याला आम्ही 'उतार' म्हणालो, तीच तर खूण होती. पोरगं गप्प झालं, घामाघूम झालं, पाय गार पडले, म्हणून आम्ही निवांत झोपलो. जो ओरडतो त्याच्याकडे सगळे धावतात. वॉर्डातही असंच होतं. आरडाओरडा करणाऱ्या खाटेभोवती गर्दी असते आणि कोपऱ्यात निमूट घाम पुसत पडलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही.

आत काय होतं ते माझ्या भाषेत सांगते, शेतकऱ्याला लगेच कळेल. विंचवाचं विष नसांना शांत होऊ देत नाही. अंगात अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्यं एकदम सुटतात. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतो, हातापायाला रक्त पोचत नाही, म्हणून ते गार. ठिबकचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा आणि मोटार चालू ठेवा, काय होईल? मोटारीवर ताण येईल, कुठेतरी पाणी फुटेल. हृदय ही ती मोटार, आणि पाणी उतरतं ते फुप्फुसात. मग उपाय काय? व्हॉल्व्ह उघडा. आधी बावस्करांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचं औषध वापरलं. ते चालतं, पण सलाईनचा थेंब न् थेंब सांभाळावा लागतो, सतत बीपी बघावा लागतो. खेड्यातल्या केंद्रात ते कोण करणार? मग त्यांनी प्राझोसिन घेतलं. ही मुळात रक्तदाबाची गोळी, तोंडाने घ्यायची, स्वस्त. 1986 मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. गोळी वेळेत मिळू लागली तसं मरणाचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं.

साल लक्षात घ्या. 1986. माझा भाऊ गेला 1988 ला.

तो नक्की वाचला असता असं मी म्हणणार नाही, मी इतकी वर्षं या धंद्यात आहे. पण ती गोळी बाजारात होती. तिचा हा उपयोग छापलेला होता. तो शोधणारा माणूस आपल्याच मातीतला होता. महाडहून लंडनला कागद गेला, छापला गेला, आणि लंडनहून अंतरवालीला मात्र पोचला नाही. मला स्वतःला प्राझोसिन हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला तो नोकरी लागल्यावर, नव्वदच्या दशकाच्या मध्यावर.

आता त्या जाणत्या माणसाबद्दल. बरीच वर्षं मी त्याचा राग धरला. पण तो लबाड नव्हता, पैसेही घेत नसे. त्याचा स्वतःच्या मंत्रावर विश्वास होता, आणि का नसावा? विंचू चावलेल्या बहुतेकांना नुसती वेदना होते आणि ती आपोआप उतरते. त्याने शंभर जणांना पाला फिरवला, त्यातले बहुतेक बरे झाले. जे गेले ते 'उशिरा आणलं' म्हणून गेले. त्याने वही ठेवली असती, बरे झालेले आणि गेलेले दोन्ही लिहिले असते, पाला न फिरवलेल्यांचीही गणती केली असती, तर त्याला स्वतःलाच कळलं असतं. आणि हसू नका, डॉक्टरांचंही असंच होतं. एखादं इंजेक्शन दिलं, माणूस बरा झाला, म्हणजे इंजेक्शनाने झाला असं आपण धरून चालतो.

म्हणून दोन गट करावे लागतात. बावस्करांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी तेच केलं. विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे प्रतिविष, आपल्याकडे निघाली होती. प्रश्न असा होता की नुसती प्राझोसिन द्यावी की सोबत प्रतिविषही द्यावं? त्यांनी महाडला 70 रुग्ण घेतले. कुणाला काय मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवलं नाही, चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. 35 जणांना नुसती गोळी, 35 जणांना गोळी आणि प्रतिविष. दहा तासांनी पाहिलं. नुसत्या गोळीवाल्या 35 पैकी 8 जण पूर्ण ठीक झाले होते; दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32. हे जानेवारी 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलं. 2022 ला बावस्करांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या पेपरांत फोटो आला होता, तो काहींनी पाहिला असेल.

इथे एक गंमत सांगते, म्हणजे संशोधन किती हट्टी असतं ते कळेल. ट्युनिशिया या देशात 825 रुग्णांवर असाच अभ्यास झाला होता, 1999 मध्ये छापला गेला. तिथे सरसकट प्रतिविष देऊन काही फायदा दिसला नव्हता. उलट अमेरिकेत ॲरिझोनात 15 मुलांवरचा अभ्यास 2009 मध्ये आला. प्रतिविष मिळालेली आठच्या आठ मुलं चार तासांत ठीक झाली, न मिळालेल्या सातांपैकी एकच. विंचू वेगळे, विष वेगळं, निवडलेले रुग्ण वेगळे. म्हणून तिकडचं इकडे लावता येत नाही. आपल्या विंचवाचं उत्तर आपल्याच खाटेवर शोधावं लागतं.

आता त्या मागच्या रांगेतल्या प्रश्नाकडे येते. नर्सचा यात काय संबंध? फ्लॉरेन्स नाइटिंगेल सगळ्यांना हातात दिवा घेतलेली आठवते. पण 1858 मध्ये तिला लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेत घेतलं गेलं ते आकड्यांसाठी, आणि ती तिथली पहिली स्त्री सदस्य. क्रिमियाच्या युद्धात शिपाई जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे तिने मोजून, चित्र काढून सरकारला दाखवलं. दिव्याच्या उजेडात ती पाहत होती आणि नंतर मोजतही होती.

आणि आता माझी स्वतःची एक गोष्ट, जी सांगायला तोंड होत नाही, पण माझे गुरुजी समोर बसलेत आणि खोटं बोलायची सवय त्यांनी लावली नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत, एका मोठ्या रुग्णालयात, रात्रपाळीला चाळीस खाटांना आम्ही दोघी. पहाटे चार वाजता प्रत्येकाचा ताप, नाडी, श्वास मोजून तक्त्यावर लिहायचा. चाळीस माणसांचं खरोखर मोजायचं म्हटलं तर दोन तास लागतात. आम्ही काय करायचो? टेबलाशी बसून लिहायचो. नाडी 80, श्वास 20. नाडी 82, श्वास 20. सगळेच करतात, म्हणून आम्हीही. एकदा एक निवासी डॉक्टर त्याच्या अभ्यासासाठी जुने केसपेपर काढून बसला होता. त्याने मला बोलावलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "सिस्टर, तुमच्या वॉर्डात सगळे मिनिटाला वीसच श्वास घेतात का?" ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री घरी जाऊन मला दादाने जपलेला तो केसपेपर आठवला. त्या दोन ओळी लिहिणाऱ्याला मी इतकी वर्षं मनात शिव्या देत होते. आणि मी तर दोन ओळींपेक्षा वाईट करत होते. रिकाम्या जागेवरून निदान कळतं की कुणी पाहिलेलं नाही. माझे वीस-वीस वाचणाऱ्याला वाटणार की पाहिलंय.

तेव्हापासून मी मोजलं नसेल तर जागा मोकळी सोडते. यावरून वरिष्ठांची बोलणी खाल्ली आहेत. पण पुढे आमच्या वॉर्डात अंथरुणावर खिळलेल्या रुग्णांच्या बेडसोरवर अभ्यास झाला, कुशीवर वळवल्याची वेळ लिहायची होती, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. मोटारसायकलवरून पडलेली तरुण पोरं, मणका मोडलेले ऊसतोड कामगार, लकव्याच्या आजीबाई. किती वाजता कुठल्या कुशीवर, कातडी लाल आहे का, ओल आहे का. त्या अभ्यासाचं निष्कर्षाचं पान डॉक्टरांनी लिहिलं, आकडे आमच्या हातचे होते.

संशोधन म्हटलं की रुग्ण घाबरतो. "आमच्यावर प्रयोग करता काय?" असं विचारतो, आणि त्याने विचारावंच. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवलं पाहिजे, अंगठा घेण्याआधी प्रश्नाला उत्तर मिळालं पाहिजे, 'नाही' म्हटलं तरी उपचार तोच मिळाला पाहिजे आणि मधूनच बाहेर पडायची मुभा पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. तुमच्या घरातलं कुणी दवाखान्यात असेल आणि कागद पुढे आला, तर कंटाळून सही करू नका. विचारा. नीट सांगितल्यावर पटलं तर जरूर सामील व्हा. महाडच्या त्या 70 जणांनी हो म्हटलं नसतं तर 35 पैकी 32 हा आकडा आला नसता.

विंचवाचं थोडं कामाचं सांगते. उन्हाळ्यात, पहिल्या पावसाच्या आगेमागे, कडब्यात, सरपणात, दगड-विटांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. चपला झटकून घाला. चावला तर कापू नका, करकचून बांधू नका. घड्याळ बघा आणि वेळ लक्षात ठेवा. लेकरू असेल तर लक्षणांची वाट न बघता निघा. 2014 पासून 108 ची गाडी आहे. मंत्र म्हणायचाच असेल तर गाडीत बसून म्हणा, माझी हरकत नाही. आणि गप्प झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. कपाळाला आणि पायाला हात लावून बघा. प्राझोसिनची गोळी मात्र घरी आणून स्वतःच देऊ नका. पहिल्या गोळीनंतर बीपी एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवावं लागतं. आई लेकराला खांद्यावर घ्यायला बघते, तेव्हा आम्ही तिला थांबवतो, आडवं ठेवूनच पाज म्हणतो.

गोळी कधी थांबवायची? बावस्करांनी सांगितलेली खूण साधी आहे. हातपाय गरम आणि कोरडे झाले, हातावरच्या शिरा सहज दिसायला लागल्या, की झालं. एवढी परदेशी मासिकं, एवढे आकडे, आणि शेवटी काम आईच्याच हाताचं. माझ्या आईने 1988 ला पायाला हात लावून अगदी बरोबर ओळखलं होतं. ते ऐकून घेणारं कुणी नव्हतं, एवढंच.

निवृत्तीच्या आदल्या उन्हाळ्यात आपल्याच भागातली एक बाई रात्री सात-आठ वर्षांच्या पोरीला घेऊन आली. मी विचारायच्या आधीच तिने स्वतःचा तळहात पुढे केला. बॉलपेनने लिहिलं होतं: 8.20. आशाताईंनी सांगितलं होतं म्हणे, वेळ लिहून ठेव. पोरगी घामाने भिजलेली, पाय बर्फासारखे. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. मी खाटेशेजारी स्टूल ओढलं. रात्रभरात तक्त्यावर किती नोंदी केल्या ते आता सांगता येणार नाही, पण एकही टेबलाशी बसून केलेली नव्हती. दर वेळी ती बाई विचारायची, "सिस्टर, पाय गरम झाले का?" आणि मी म्हणायचे, "तुम्हीच हात लावून बघा."

पहाटे पावणेपाचला ती म्हणाली, "झाले." मी हात लावला आणि लिहिलं: पाय गरम, कोरडे. शिरा दिसतात.

स्वयंपाकघराकडून सर हात करतायत, म्हणजे वाढलेलं आहे. ज्याने मघाशी मागून प्रश्न विचारला त्याने माझ्या शेजारच्या पाटावर बसावं. त्याचा बीपी वाढलाय असं त्याची बायको सांगत होती, तो मी जेवणाआधी मोजणार आहे.